गिटार शिकताना पहिले सहा महिने

गिटार शिकायला उत्साहाने सुरुवात करून दोन-तीन महिन्यांत ती कोपऱ्यात उभी करून ठेवणारे अनेक जण माझ्या पाहण्यात आहेत. त्यांतील बहुतेकांनी दिलेले कारण एकच असते: "माझी बोटेच या वाद्यासाठी नाहीत." पुण्यात गेली अनेक वर्षे नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचे हात जवळून पाहिल्यावर मी या मताला आलो आहे की दोष बहुधा बोटांचा नसतो, तर हातात आलेल्या वाद्याचा आणि शिकण्याच्या क्रमाचा असतो. माझी स्वतःची पहिली गिटार पेठेतल्या एका दुकानातून घेतलेली होती आणि तिच्या तारा बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या घरांपैकी बाराव्यावर, जवळजवळ पाच मिलिमीटर उंच होत्या. ही उंची जास्त आहे हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. सहा महिने मी बोटांची सालपटे काढत राहिलो. पुढे एका जुन्या कारागिराने तारा सैल करून ब्रिजवरची, म्हणजे तारांची खालची टोके अडकवलेल्या लाकडी तुकड्यावरची, हाडाची पट्टी काढली, ती खालच्या बाजूने घासून पुन्हा बसवली आणि गिटार माझ्या हातात दिली. तोवर कधीही पूर्ण न वाजलेला सी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांचा गट) त्या दुपारी पहिल्याच प्रयत्नात पाचही तारांतून स्वच्छ उमटला. बोटे तीच होती. म्हणून या लेखात गिटार निवडण्याला आणि ती हाताला सोपी करून घेण्याला मी बरीच जागा देणार आहे.

कोणती गिटार घ्यावी

नवशिक्यापुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात: नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार, पोलादी तारांची अकूस्टिक गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार. आज दिसणारा क्लासिकल गिटारचा आकार मुख्यतः आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने रूढ केला. तिच्यावर पूर्वी आतड्याच्या तारा असत आणि नायलॉनच्या तारा १९४०च्या दशकात आल्या. या तारा बोटांना मऊ लागतात, मात्र नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची, रुंदी नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेली पट्टी) सुमारे ५२ मिलिमीटर असल्यामुळे लहान पंजाला ताण पडतो. पोलादी तारांच्या गिटारची नेक तिथे सुमारे ४३ मिलिमीटर असते, आवाज मोठा व खणखणीत असतो आणि गाण्याला साथ करण्यासाठी ती अधिक सोयीची पडते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सर्वांत बारीक असून त्या दाबायलाही सर्वांत हलक्या असतात. "आधी अकूस्टिक शिकल्याशिवाय इलेक्ट्रिकला हात लावू नये" हा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. ज्याला इलेक्ट्रिकचेच संगीत आवडते, त्याने तिथूनच सुरुवात करावी, फक्त अँप्लिफायरचा वेगळा खर्च आधीच धरून ठेवावा.

मराठी, हिंदी गाण्यांना साथ करणे हा हेतू असेल, आणि आपल्याकडे तो बहुतेकांचा असतो, तर पोलादी तारांची अकूस्टिक घ्यावी आणि तिच्यावर बारीक तारांचा संच चढवून मागावा. संचाचा क्रमांक सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ठरतो. 'दहा'चा संच म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाडीची. 'बारा'च्या संचापेक्षा तो बोटांना स्पष्टपणे हलका लागतो. आवाज किंचित बारीक होतो, पण पहिल्या वर्षात ही तडजोड निश्चित करावी.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा चढवणे. नायलॉनचा संच लाकडावर एकूण सुमारे ४० किलोंचा ताण देतो, तर पोलादी 'बारा'चा संच सुमारे ७० किलोंचा. क्लासिकल गिटारच्या पातळ पृष्ठभागाखालच्या पट्ट्या एवढा भार पेलण्यासाठी बसवलेल्याच नसतात, त्यामुळे काही आठवड्यांत ब्रिज उचलला जातो आणि पोट फुगते.

घरात माळ्यावर काका-आत्यांची जुनी गिटार असेल, तर ती वापरण्यापूर्वी नीट पाहून घ्यावी. एके काळी आपल्याकडे हवाईयन गिटार शिकणारे पुष्कळ होते. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवतात. त्यासाठी तिच्या तारा मुद्दाम उंच बसवलेल्या असतात. अशा गिटारवर बोटांनी कॉर्ड दाबणे जवळपास अशक्य असते, पण तो तिचा दोष नव्हे, कारण ते वाद्यच वेगळ्या पद्धतीचे आहे. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच पद्धतीच्या गिटारवर रागसंगीत उभे केले आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात फेरफार करून मोहनवीणा घडवली. माळ्यावरची गिटार तशी निघाली, तर ती जपून ठेवावी आणि शिकण्यासाठी दुसरी घ्यावी.

सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार योग्य ठरते. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठ्यांची गिटार मुलाला देऊ नये, कारण सहाव्या तारेपर्यंत पोचताना त्याचा खांदा वर चढतो आणि ती सवय पुढे सुटत नाही.

दुकानात काय तपासावे

पुण्यात पेठांमध्ये आणि कॅम्पात वाद्यांची दुकाने आहेत. ऑनलाइन चारशे-पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा दुकानात जाऊन, चार गिटारी हातात घेऊन, त्यांतील एक निवडणे मला कितीतरी अधिक शहाणपणाचे वाटते. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारींमध्येही फरक असतो. वाजवता येणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांना सोबत न्यावे. नसेल, तरी पुढील तपासण्या स्वतः करता येतात आणि चांगला दुकानदार त्यांना हरकत घेत नाही.

खिशातील बँकेची तीन कार्डे एकावर एक ठेवावीत. एका कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे तिन्हींची मिळून साधारण २.३ मिलिमीटर. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर ही चळत ठेवून ती सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली सरकवून पाहावी. पोलादी तारांच्या गिटारवर तीन कार्डे तारेला न उचलता आत जावीत आणि चौथे घातल्यावर तार उचलली जावी. चार कार्डे सहज जात असतील, तर तारा उंच आहेत. नायलॉनच्या गिटारवर चार ते पाच कार्डांची उंची चालते. तारा उंच असलेली गिटार बाकी सर्व बाबतींत चांगली असेल, तर ती सोडून देण्याचे कारण नाही. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, घासून उंची कमी करता येते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथे एक मिलिमीटर उतरवायचा असेल, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. म्हणूनच घासण्याइतकी सॅडल ब्रिजच्या वर शिल्लक आहे ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा छेडावी. कुठेही किणकिण किंवा खरखर ऐकू येता कामा नये. तानपुऱ्याची जवारी कारागीर मुद्दाम काढतो आणि तिच्यातूनच त्या वाद्याचा गुंजारव जन्मतो, पण गिटारवर तशी खरखर हा दोषच समजावा. मग बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून ती छेडावी आणि बोट लगेच उचलावे. घंटेसारखा जो सूर निघतो, तोच सूर बारावा फ्रेट दाबल्यावरही निघाला पाहिजे. दोन्हींत फरक जाणवला, तर ती गिटार वरच्या फ्रेटांवर बेसूर वाजणार हे नक्की. शेवटी नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. फ्रेटची टोके टोचत असतील, तर दुकानातच घासून घ्यावीत.

नवशिक्यासाठी आठ ते बारा हजार रुपयांच्या दरम्यान टिकाऊ आणि सुरेल अकूस्टिक गिटार मिळू शकते. यापेक्षा बऱ्याच स्वस्त गिटारी असतात, पण त्यांच्या खुंट्या सूर धरून ठेवत नाहीत. शिकणाऱ्याला मग आपले चुकते आहे की वाद्याचे, हेच कळत नाही. खरेदीबरोबर एक क्लिपचा ट्यूनर (सूर तपासण्याचे छोटे यंत्र), कॅपो (तारा एकत्र दाबणारी चिमटीची पट्टी), पातळ पिक (तारा छेडण्याची चकती) आणि जाड अस्तराची पिशवी घ्यावी. कारागिराकडून तारांची उंची आणि नटच्या खाचा नीट करून घेण्याचा खर्च गिटारच्या किमतीचाच भाग मानावा. नक्षी, रंग आणि चकाकी यांवर जाणारे पैसे इकडे वळवावेत.

सूर लावणे

गिटारच्या सहा तारा जाडीच्या उतरत्या क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई या सुरांत लावतात. पेटी शिकलेल्यांसाठी सोपे करून सांगायचे, तर सहावी तार सा मानली, की पाचवी मध्यम, चौथी कोमल निषाद, तिसरी कोमल गंधार, दुसरी पंचम आणि पहिली वरचा सा लागते. (पहिली तार सहावीच्या दोन सप्तके वर असते.) ट्यूनरवर पाहून सूर लावताना तार नेहमी खालून वर चढवत आणावी. सूर वर गेला, तर तार पुष्कळ सैल करून पुन्हा वर यावे. उतरवत आणलेली तार खुंटीच्या दात्यांतील सैलपणामुळे थोड्याच वेळात आणखी उतरते. नव्या तारा पहिले काही दिवस वारंवार उतरतात. त्यात गिटारचा दोष नाही.

ट्यूनर वापरणे कमीपणाचे समजू नये, पण त्याच्यावर पूर्ण विसंबूही नये. रोज सूर लावून झाल्यावर सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबून तिची मोकळ्या पाचव्या तारेशी तुलना करावी. पाचवीची चौथीशी आणि चौथीची तिसरीशी तशीच करावी. तिसरी तार मात्र चौथ्या फ्रेटवर दाबून दुसरीशी, आणि दुसरी पुन्हा पाचव्या फ्रेटवर दाबून पहिलीशी मिळवावी. दोन सूर जवळ येतात, तेव्हा त्यांच्यातून लाटांसारखे हेलकावे ऐकू येतात. सूर जुळत जातील तसे ते मंदावतात आणि जुळले की थांबतात. हे हेलकावे ओळखू लागलेला कान पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

बसणे आणि दोन्ही हात

हात नसलेल्या, सपाट खुर्चीवर पुढे सरकून बसावे. गादीवर किंवा सोफ्यात बसून शिकू नये. गिटारची कंबर उजव्या मांडीवर ठेवावी, नेक जमिनीला समांतर किंवा किंचित वर असावी आणि गिटारचे तोंड समोर राहावे. फ्रेट दिसावेत म्हणून नवशिका गिटार स्वतःकडे आडवी वळवतो, आणि त्याच क्षणी त्याचे डावे मनगट वाकते. मान थोडी पुढे करून पाहिले तरी पुरते. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग गिटारच्या कडेवर टेकलेला असला, की डाव्या हातावर नेक पेलण्याचा भार राहत नाही. डावा हात काढून घेतल्यावरही गिटार जागेवर स्थिर राहिली, तर बैठक बरोबर आहे असे समजावे.

डाव्या हाताची नखे दर आठवड्याला अगदी मुळाशी कापावीत. बोटाचे टोक फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे टेकावे. ते पट्टीवर टेकले तर आवाज दबतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्यावर टेकले तर दुप्पट जोर लावूनही तार खरखरते. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर, सैल असावा.

किती जोर लावायचा, हे पहिल्याच दिवशी एका प्रयोगाने शिकून घ्यावे. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तर्जनी नुसती टेकवावी आणि उजव्या हाताने तीच तार सावकाश छेडत राहावे. सुरुवातीला लाकडावर टिचकी मारल्यासारखा मेलेला आवाज येईल. छेडणे चालू ठेवून तर्जनीचा दाब हळूहळू वाढवत न्यावा. आधी खरखर सुरू होईल, आणि मग एका क्षणी सूर एकदम मोकळा होईल. तिथेच थांबावे. तेवढाच जोर पुरेसा आहे, त्यापुढचा सगळा जोर बोट दुखवण्यापलीकडे काहीही साधत नाही. आता दाब पुन्हा कमी करत खरखरीपर्यंत यावे आणि परत वाढवावा. पाच-सहा वेळा असे केल्यावर विद्यार्थी जवळजवळ नेहमी एकच वाक्य बोलतो: "एवढ्या कमी जोरात वाजते?" हा प्रयोग मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याकडून करून घेतो, कारण त्याआधी तो किमान दुप्पट शक्ती खर्च करत असतो.

बोटांची टोके पहिले दोन ते चार आठवडे दुखतात आणि मग तिथली कातडी घट्ट होते. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवू नये, कारण भिजलेली कातडी लवकर सोलते. फोड आला, तर तो फोडू नये आणि दोन दिवस उजव्या हाताचा सराव करावा. बोटांच्या टोकांचे दुखणे अपेक्षित आहे, पण मनगट, कोपर किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणे अपेक्षित नाही. तसे झाले, तर त्याच क्षणी थांबून बैठक तपासावी.

पहिले कॉर्ड

दोन आठवडे नुसते एकेका तारेवर चारही बोटांचे चालणे करावे: पहिल्या फ्रेटवर तर्जनी, दुसऱ्यावर मध्यमा, तिसऱ्यावर अनामिका, चौथ्यावर करंगळी. पहिले फ्रेट रुंद असल्यामुळे पंजा फार ताणला जातो, म्हणून हा सराव पाचव्या फ्रेटपासून सुरू करून काही दिवसांनी खाली आणावा. त्याबरोबरच पहिला कॉर्ड घ्यावा, तो ई मायनर. पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मध्यमा आणि चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर अनामिका ठेवून सहाही तारा वाजवाव्यात. दोनच बोटांत एवढा भरीव आवाज निघतो, की शिकणाऱ्याला धीर येतो.

दुसरा ए मायनर घ्यावा: दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी, चौथ्या आणि तिसऱ्या तारांच्या दुसऱ्या फ्रेटवर अनुक्रमे मध्यमा आणि अनामिका, आणि वाजवायला सुरुवात पाचव्या तारेपासून. तिसरा सी. इथे एक सुंदर सोय आहे, जी पुस्तकातल्या आकृत्या वेगवेगळ्या पानांवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ए मायनरमधून सी मध्ये जाताना तर्जनी आणि मध्यमा जागच्या हलतच नाहीत. फक्त अनामिका तिसरी तार सोडून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. म्हणून हे दोन कॉर्ड जोडीनेच शिकावेत आणि बदलताना त्या दोन बोटांना तारांवरून उचलू देऊ नये. पुढे कोणताही नवा कॉर्ड घेताना, आधीच्या कॉर्डमधले कोणते बोट जागेवर राहते किंवा त्याच तारेवरून सरकते, हा प्रश्न स्वतःला विचारावा. नंतर जी आणि डी घ्यावेत. या पाच कॉर्डांवर पहिले चार महिने खुशाल घालवावेत.

कॉर्ड धरल्यावर एकेक तार वेगळी छेडून पाहावी आणि मुकी राहिलेली तार कोणत्या बोटाच्या पोटामुळे दबते ते शोधावे. बहुतेक वेळा बोट टोकावर उभे करण्याऐवजी आडवे पडलेले असते.

कॉर्ड धरता येणे आणि कॉर्ड बदलता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवशिक्याचे गाणे अडते ते बदलताना. दोन कॉर्ड निवडून, मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावून, किती वेळा बदल होतो ते मोजावे आणि वहीत तारीख घालून लिहावे. सुरुवातीला दहा-बारा बदल होतात. मिनिटाला साठ ठोक्यांच्या संथ गाण्यात दर चार ठोक्यांना कॉर्ड बदलला, तरी मिनिटाला पंधराच बदल लागतात. त्यामुळे तीस बदल स्वच्छ होऊ लागले, की ती जोडी गाण्यात वापरायला घ्यावी.

ताल आधी तोंडात, मग हातात

आरत्या, भजने, भावगीते ऐकत वाढलेल्या मराठी माणसाच्या अंगात केरवा आणि दादरा मुरलेले असतात, पण गिटार हातात घेतली की तो हे विसरून बाणांच्या आकृत्या पाठ करू लागतो. मला हे उलटे वाटते. केरव्याच्या आठ मात्रा "धा गे ना ती, न क धि न" अशा तोंडाने म्हणत उजवा हात सैल ठेवून विषम मात्रेला खाली आणि सम मात्रेला वर असा सारखा हलवत राहावा. आता दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात हलू द्यावा, पण तारांना लागू देऊ नये. जे ऐकू येते, ती सुगम संगीतात सर्वांत जास्त चालणारी चाल आहे. हात कधीही थांबत नाही, हेच तिचे सगळे रहस्य. दादऱ्याच्या "धा धी ना, धा ती ना" या सहा मात्रांत प्रत्येक 'धा'वर कॉर्डची जाड तार एकटी वाजवावी आणि उरलेल्या दोन मात्रांवर खालच्या बारीक तारा हलक्या हाताने छेडाव्यात.

हा सराव पहिल्या महिन्यात डाव्या हाताने तारांवर तळहात टेकवून, आवाज मुका करूनच करावा. म्हणजे लक्ष एकाच हातावर राहते आणि वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या शेजाऱ्यांनाही रात्री त्रास होत नाही. कॉर्ड बदलायला उशीर झाला, तर ताल मोडून बोटांची वाट पाहू नये. उजवा हात चालूच ठेवावा, एखादा ठोका मोकळ्या तारांवर पडला तरी चालेल. ऐकणाऱ्याला चुकलेला सूर क्षणभर जाणवतो, तुटलेला ताल मात्र पूर्ण गाणेच थांबवतो.

गायकाची पट्टी आणि कॅपो

आपल्याकडे साथ करायला बसले की गाणारी व्यक्ती "सी शार्प" म्हणत नाही, तर "काळी एक" म्हणते, आणि क्लासमध्ये इंग्रजी अक्षरे शिकलेला मुलगा गोंधळतो. पेटीची पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच म्हणजे जी. कॅपो ही तारा एकत्र दाबणारी चिमटीची पट्टी ज्या फ्रेटवर लावावी, तितक्या अर्ध्या सुरांनी सगळे कॉर्ड वर जातात. त्यामुळे काळी एकला कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून सी चे कॉर्ड वाजवावेत, काळी दोनला तिसऱ्या फ्रेटवर लावून सी चेच, आणि पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर लावून डी चे. अनेक स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. तिथे जी चे कॉर्ड घ्यावेत, काळी चारला कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि काळी पाचला तिसऱ्या. एवढे पाठ असले, की पाच कॉर्डांच्या भांडवलावर घरगुती मैफलीत बरेच काही निभावता येते. कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, सरळ लावावा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासावा.

रागावर आधारलेल्या चालींना मात्र प्रत्येक ओळीला कॉर्ड चिकटवण्याचा अट्टहास करू नये. सी हा सा मानून यमनमधली चाल असेल, तर तीव्र मध्यमावर एफ कॉर्ड हमखास खटकतो, कारण त्यात शुद्ध मध्यम आहे. तिथे डी मेजर चालतो, त्यात रे, तीव्र म आणि ध हे तीनही सूर सापडतात. काही सुचलेच नाही, तर फक्त सा आणि प संथपणे छेडत राहावे. रागात पंचम वर्ज्य नसेल, तर ती साथ विसंगत वाटत नाही.

शिक्षक आणि रोजची वीस मिनिटे

स्वतः शिकता येते, पण पहिले तीन महिने कोणीतरी प्रत्यक्ष हात पाहणारे असावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण वाकलेले मनगट व्हिडिओला दिसत नाही. क्लास निवडताना एका तुकडीत किती जण असतात, शिक्षक प्रत्येकाचा हात पाहतात का, आणि गिटार सुरात लावायला शिकवतात की स्वतःच लावून देतात, हे पाहावे. ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या संस्थांच्या परीक्षा इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात. ज्यांना शिस्त हवी, त्यांना त्यांचा उपयोग होतो, पण पहिल्या सहा महिन्यांत परीक्षेचा विचारही करू नये.

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. गिटार पिशवीत घालून पलंगाखाली ठेवली, तर ती निघत नाही. डोळ्यांसमोर, स्टँडवर असावी. आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे.

पुण्याची हवा आणि दुचाकी

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. त्या काळात लाकूड फुगते, पृष्ठभाग वर येतो आणि तारा उंच होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी पडते. तेव्हा लाकूड आकसते आणि जानेवारीत गुळगुळीत असलेली फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. पावसाळ्यात गिटार पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. उन्हाळ्यात ती उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये आणि पार्किंगमधल्या बंद गाडीत तर मुळीच सोडू नये, कारण उष्णतेने ब्रिजचा डिंक सुटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसल्या, तर घामाचा गंज उशिरा चढतो.

दुचाकीवरून क्लासला जाताना गिटार पाठीवर घ्यावी, पण नेक डोक्याच्या बरीच वर येते हे ध्यानात ठेवून पार्किंगच्या खालच्या तुळईखाली वाकावे. गिटार पायांशी आडवी ठेवून नेऊ नये. पिशवीवर पावसाचे वेष्टन नेहमी असू द्यावे.

एफ कॉर्ड

पाचव्या-सहाव्या महिन्यात एफ समोर येतो. त्यात तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी पडते आणि बाकीची तीन बोटे ई मेजरच्या आकारात बसतात. अनेकांचे शिकणे इथे थांबते. हा कॉर्ड पहिल्या फ्रेटवर शिकायला सुरुवात करू नये, कारण तिथे तारा नटला अगदी लागून असल्यामुळे सर्वांत ताठ असतात. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरावा, तिथे तो ए मेजर वाजतो आणि दाबायला बराच सोपा पडतो. तर्जनीचे मऊ पोट तारांवर न टेकवता तिची अंगठ्याकडची हाडाळ कड टेकवावी आणि कोपर बरगड्यांकडे थोडे आत घ्यावे, म्हणजे दाब अंगठ्याच्या चिमटीतून न येता हाताच्या वजनातून येतो. दर आठवड्याला एक फ्रेट खाली उतरत चार आठवड्यांनी पहिल्या फ्रेटवर यावे.

महिनाभर असे करूनही दुसऱ्या फ्रेटपर्यंत कॉर्ड स्वच्छ वाजतो आणि फक्त पहिल्यावर अडतो, असे दिसले, तर आणखी जोर लावू नये. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून, पहिल्या फ्रेटची पट्टी आणि तार यांच्यातील अंतर उजेडात धरून पाहावे. ते केसाएवढेच असायला हवे. तिथून वहीचा पुठ्ठा सरकत असेल, तर नटच्या खाचा उथळ राहिल्या आहेत. गिटार कारागिराकडे न्यावी, खाचा खोल करून घ्याव्यात आणि त्याच्या दुकानातच बसून एफ पुन्हा धरून पाहावा.